डॉक्टरम्माचं 'दोन पाणी'

सिरोंचाला बदली झालेला माणूस पहिल्या दिवशी दोनच गोष्टी विचारतो. परतीची एसटी किती वाजता, आणि इथून बदली किती वर्षांनी मिळते. मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. गाव माझं भद्रावती, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. माझ्या अकरा वर्षांत तिथं चार डॉक्टर आले. पहिले तिघं एकेक बॅग घेऊन आले आणि ती पुरती उघडायच्या आत परत गेले. चौथ्या लोनबले मॅडम. त्या मोटारसायकलवर आल्या. मागच्या सीटवर दोरीनं एक लांबट काळी पेटी बांधलेली. गाडी लावून त्यांनी हेल्मेट काढलं आणि मला विचारलं, "भाऊ, इथी दोन नद्या मिळतेत म्हणते, ते कुठी?"

"मॅडम, आधी चार्ज तं घ्या," मी म्हणालो.

"चार्ज घेतो ना. तो काही वाहून नाई जात."

डॉ. वंदना लोनबले. बल्लारशाच्या, वडील रेल्वेत होते. वय तेव्हा पस्तीस-छत्तीस असेल. उंच, काटक, अंगात कायम पुरुषी शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. आमच्याकडच्या बायकांसारखं त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलत. शिकायला पाच-सहा वर्षं नागपुरात राहिल्या, पण बोली तसूभर बदलली नाही. सिरोंचात अर्धंअधिक गाव तेलुगू बोलतं. महिनाभरात मॅडमनी गुरांच्या सगळ्या दुखण्यांची तेलुगू नावं पाठ केली आणि गावानं त्यांना 'डॉक्टरम्मा' करून टाकलं.

पेटीचं रहस्य तिसऱ्या दिवशी उलगडलं. जवळच्या खेड्यातले एक म्हातारबा म्हैस घेऊन आले होते. आदल्या दिवसापासून तिची लघवी बंद होती. मॅडमनी तिला खोड्यात उभी करून तपासलं, इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ थांबायला सांगितलं. म्हातारबा व्हरांड्यात टेकले. त्यांना कोपऱ्यातली पेटी दिसली.

"अम्मा, ते म्हशीले लावायची मशीन हाय का?"

मॅडम हसल्या नाहीत. "लावून पाहू," म्हणाल्या आणि पेटी उघडली. आत मखमलीवर पितळेचे वाकडे-तिकडे तुकडे होते. ते त्यांनी एकमेकांत बसवले, तेव्हा मला कळलं की हा सॅक्सोफोन. लग्नाच्या बँडमध्ये असतो तो, पण बराच मोठा. त्यांनी एकच सूर लावला. खालचा, लांब, धान भरडायच्या गिरणीसारखा घुमणारा. म्हशीनं कान टवकारले, क्षणभर विचार केला आणि जागेवर मोकळी झाली.

इंजेक्शन अर्ध्या तासापूर्वीच दिलं होतं, हे मी म्हातारबांना तीनदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि तालुकाभर सांगितलं की नवी डॉक्टरम्मा पितळेचा इलाज करते. पुढं वर्षभर लोक बैल, शेळ्या, एकदा तर कोंबडी घेऊन यायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "तो मोठा इलाज लागन का?"

मॅडमची तपासायची रीत वेगळी होती. जनावर आलं की आधी दोन मिनिटं त्या नुसत्या उभ्या राहत. श्वास ऐकत, रवंथ ऐकत, पोटातली गुरगुर ऐकत. मी घाईनं थर्मामीटर पुढं केला की म्हणत, "थांबा जी, बोलून राह्यली ते." गाभण तपासताना खांद्यापर्यंत हातमोजा घातलेला हात म्हशीच्या आत आणि तोंडानं बारीक गुणगुणणं चाललेलं. मालक बिचारा विचारायचा, "काय हाय?" तर त्या म्हणायच्या, "चौथा महिना हाय," आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं उचलायच्या. चहा कोरा आणि बिनसाखरेचा. शर्टाच्या खिशात चिंचेची बोटुकं. दुसऱ्या खिशात वेताच्या पातळ पट्ट्या, सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावायच्या. एकदा घाईत त्यांनी चिंच समजून पट्टी चावली आणि दिवसभर त्या पट्टीचं सुतक पाळलं.

वाजवायला त्या शिकल्या बल्लारशात. शेजारी लग्नाच्या बँडचे एक मास्तर राहत होते. मुलीनं क्लॅरिनेट धरलेलं पाहून मास्तरच घाबरले होते म्हणे, पण वडील म्हणाले, शिकू द्या, घरात शांतता तशीही नाही. नागपूरला वसतिगृहात कोणाकडून तरी जाझच्या कॅसेटी मिळाल्या आणि बाईंचं डोकं फिरलं, क्लॅरिनेट जाऊन सॅक्सोफोन आला. तीन मित्र गोळा झाले, ग्रुप झाला, दोन-चार कार्यक्रम झाले. मग नोकरी लागली.

जाझ म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही लसींचे डबे बर्फात भरत होतो.

"बोरकुटेभाऊ, तुम्ही रोज घरून दवाखान्यात येता. घर ठरलेलं, दवाखाना ठरलेला. पण एखाद दिवशी बाजारातून येता, एखाद दिवशी देवळाकडून. मधी कोणी भेटते, त्याच्याशी बोलता. तरी दहाले पोचता. तसं असते ते."

"मी दहाले नाई पोचत मॅडम."

"हाव ना. साडेदहाले येता, पण चेहरा दहाचाच असते. तुमच्यात जाझ हाय."

सुरुवातीला त्या संध्याकाळी क्वार्टरमध्येच वाजवत. शेजारच्या कारकुनाच्या मुलीची दहावी होती. तिनं तक्रार केली नाही, पण कानात कापूस घालून अंगणात अभ्यासाला बसली. मॅडमनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पेटी घेऊन घाटावर जायला लागल्या. पाच वाजता दवाखाना बंद, साडेपाचला घाटावरच्या शेवटच्या पायरीवर. ते कधी चुकलं नाही.

आमच्या सिरोंचाला प्राणहिता येऊन गोदावरीला मिळते. पण मिळते म्हणायचं इतकंच. दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा, एक मातकट, एक हिरवट, आणि बऱ्याच अंतरापर्यंत ती शेजारी शेजारी चालत राहतात. पलीकडच्या काठाला तेलंगण. मॅडम ते पाणी बघत वाजवायच्या. मी कधी कधी भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसायचो. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला त्यातलं काही कळलं नाही. मग एक दिवस लक्षात आलं की त्या वाजवायला लागल्या की माझा पाय हलतो. मी कोणाला सांगितलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात समय्या नावाच्या माणसानं त्यांच्यावर आरोप केला. त्याच्या चार म्हशी रोज घाटावर डुंबायच्या. एका संध्याकाळी मॅडम वाजवत असताना त्या उठल्या आणि पोहत थेट पलीकडे गेल्या. समय्या दवाखान्यात येऊन उभा राहिला.

"तुमच्या वाजवण्यानं माझ्या म्हशी तेलंगणात गेल्या."

"आवडलं नसन त्याईले," मॅडम म्हणाल्या.

"ते मले माहीत नाई. आणून द्या."

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं डोंग्यानं पलीकडे गेलो. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी होडी. म्हशी तिथल्या एका शेतकऱ्याच्या मक्यात मजेत उभ्या होत्या. तो शेतकरी भांडायच्या तयारीत होता, पण मॅडमची नजर त्याच्या स्वतःच्या बैलाच्या पायाकडे गेली. भांडण राहिलं बाजूला. त्यांनी बैलाचा खूर साफ केला, पट्टी बांधली, मग आजूबाजूची आणखी सात-आठ जनावरं तपासली. मी कानात कुजबुजलो, "मॅडम, हे आपल्या हद्दीत नाई. राज्यच दुसरं हाय." त्या म्हणाल्या, "खुराले सांगा ते." परतताना म्हशी पुढं पोहत होत्या, डोंगा मागं, आणि समय्याच्या मांडीवर पलीकडच्या शेतकऱ्यानं दिलेला भोपळा.

तीन वर्षं झाली की त्या भागातून बदली मागता येते. लोक तारीख मोजत असतात. मॅडमनी अर्ज केला तो 'माझी बदली करू नये' असा. जिल्ह्याच्या कार्यालयात असा अर्ज कोणी पाहिलाच नव्हता. काहीतरी काळंबेरं असणार असं वाटून त्यांनी एका वयस्कर साहेबांना चौकशीला पाठवलं. साहेब सज्जन होते, प्रवासानं पिचलेले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बोरकुटे, खरं सांगा. बाईंना इथं राहायचंय, म्हणजे भानगड काय आहे?"

"भानगड नाई साहेब. नदी हाय."

साहेबांचे डोळे बारीक झाले. "रेती?"

"नाई साहेब. नुसती नदी."

त्यांना ते पटलं नाही. मग मॅडम त्यांना डोंग्यात बसवून संगमावर घेऊन गेल्या. मी काठावर थांबलो. तासाभरानं परतले तेव्हा साहेबांनी बूट हातात घेतले होते आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. घाटावर बसून त्यांनी एका जुन्या सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली, मॅडमनी ती वाजवली, साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. त्यांच्या अहवालाची प्रत नंतर दवाखान्यात आली. त्यात लिहिलं होतं: 'सदर अधिकारी नदीमुळे येथे राहू इच्छितात. प्रत्यक्ष पाहणी केली. नदी आहे.'

आता मल्लय्याबद्दल सांगायला हवं. मल्लय्या घाटाजवळच्या वस्तीतला मासेमारी करणारा, साठीला टेकलेला, काळा कुळकुळीत, तोंडात मोजून चार दात. लग्नसराईत ढोल वाजवायचा. नदीत जाळं गोल टाकलं की तो डोंग्याच्या काठावर वल्ह्यानं ठोके मारायचा. त्या आवाजाला घाबरून मासे जाळ्याकडे पळतात. ठक. ठक-ठक. मग थांबणं. मग ठक. कधी लवकर, कधी उशिरा.

मॅडम एका संध्याकाळी वाजवता वाजवता थांबल्या आणि ते ठोके ऐकत राहिल्या. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. मोजणं चुकलं, परत सुरू केलं. मला म्हणाल्या, "भाऊ, हा माणूस सातात मारून राह्यला का साडेसातात?"

मी म्हणालो, "तो माशाले मारून राह्यला."

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात अल्बम शिरला. नदीवरचा, घाटावरचा, सगळा इथला. नाव आधीच ठरलं: 'दोन पाणी'. दवाखान्यातल्या लेटरहेडच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सुरांची टिपणं काढायच्या. एका गतीचं नाव 'समय्याच्या म्हशी', एकीचं 'पलीकडचा मका'. दोन वर्षं हे चाललं. अखेर नागपूरच्या जुन्या मित्रांना त्यांनी कळवलं, जानेवारीत या, इथंच घाटावर रेकॉर्ड करू.

आणि डिसेंबरात तो अपघात झाला.

लाळ-खुरकुताचं लसीकरण चालू होतं. एका खेड्यात एक तरणा बैल खोड्यात नीट बांधला नव्हता. चूक माझी, दोर मी पाहायला हवा होता. मॅडम पुढून त्याचं तोंड तपासायला वाकल्या आणि त्यानं मान झटकली. शिंगाचं बूड त्यांच्या तोंडावर बसलं. रक्त इतकं आलं की मला काही सुचेना. त्यांनीच रुमाल दाबला, खुणेनं मला सांगितलं की आधी बैलाला लस टोचा. मी टोचली. मग आम्ही दवाखान्यात गेलो, माणसांच्या. वरच्या ओठाला सहा टाके पडले आणि समोरचा एक दात गेला तो गेलाच.

मी माफी मागायला गेलो तर आरशासमोर उभ्या राहून त्या त्या फटीतून शीळ घालून बघत होत्या. "अजून एक वाद्य भेटलं," म्हणाल्या. आवाज बोबडा येत होता. मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत.

सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टाके सुटल्यावर महिन्याभरानं त्यांनी पहिल्यांदा फुंकलं, क्वार्टरचं दार लावून. मी कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो, बाहेर थांबलो. सूर लागत होता आणि मधेच हवा निसटत होती, फुस्स करून. चार-पाच वेळा झालं. दार उघडलं तेव्हा पेटी बंद होती.

"भाऊ, आवाज माझा नाई वाटत. दुसराच कोणी वाजवून राह्यला."

"नवा दात बसवून घ्या मॅडम. चंद्रपूरले चांगले डॉक्टर हायेत."

"बसवीन. पण ओठ कुठून आणू? ओठाच्या कडेले काही समजतच नाई अजून."

मित्रांना त्यांनी कळवलं, येऊ नका. दवाखान्याचं काम पूर्वीसारखंच चालू होतं, ऐकून घेणं, तपासणं, सगळं. फक्त गुणगुणणं बंद झालं. मालकांच्या ते लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. संध्याकाळी साडेपाचला त्या मोटारसायकलवर बसून भलतीकडेच जायच्या, असरअल्लीच्या रस्त्यानं जंगलाकडे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मल्लय्या दवाखान्यात आला. सोबत जनावर नव्हतं. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. तो दारात उभा राहिला.

"डॉक्टरम्मा, काऊन वाजवून नाई राह्यले?"

मॅडमनी तोंड उघडून फट दाखवली. "दात गेला. बरं नाई वाजत."

मल्लय्या आत आला, वाकून त्यानं फट नीट बघितली, जशी म्हशीची बघतात. मग म्हणाला, "बरं कोण मागून राह्यला? माझे भाऊ दोघं खाली दूर जाळे टाकते. त्याईच्याजवळ घड्याळ नाई. तुमचा आवाज आला की ते जाळे गुंडाळते. आता आवाज नाई, तं ते अंधार पडल्यावर येते. माझी भावजय रोज भांडून राह्यली. आमच्या घरी दोन महिन्यांपासून शांती नाई."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वाईट वाजवा," मल्लय्या म्हणाला. "पण टायमावर वाजवा."

एवढं बोलून तो गेला. मग मॅडमना हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मी इतकी वर्षं समजत होतो की लोक संगीत ऐकून राह्यले," त्या म्हणाल्या. "मी तं भोंगा निघालो बोरकुटेभाऊ."

त्या संध्याकाळी साडेपाचला त्या घाटावर होत्या. वाईट वाजवलं, त्यात शंका नाही. हवा निसटत होती, वरचे सूर फाटत होते. खालच्या अंगाला दोन डोंगे हळूहळू वळले आणि काठाकडे यायला लागले. मॅडमनी ते पाहिलं. थांबल्या नाहीत.

रोज वाजवता वाजवता त्यांनी वाद्य तोंडाच्या मध्यावरून जरा डावीकडे सरकवलं. तिथं दात शाबूत होते. आवाज पूर्वीसारखा झाला नाही. पूर्वी तो गुळगुळीत होता, आता त्याला थोडी धूळ लागली होती. हळू वाजवताना सुरासोबत एक बारीक वाऱ्याची रेघ यायची. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मित्रांना परत कळवलं, आणि त्याच आठवड्यात पदोन्नतीचा आदेश आला. नागपूर, कार्यालयीन जागा, मार्चअखेर रुजू व्हावे. या वेळी नदी चालणार नव्हती, तो आदेश वरून आला होता.

नागपूरहून तिघं आले. ढोल-झांजा वाजवणारा इक्बाल, मोठं उभं तंतुवाद्य वाजवणारे एक पोक्त प्राध्यापक, आणि रेकॉर्डिंगचं सामान घेऊन एक अबोल तरुणी. माझ्या बायकोनं चार दिवस सगळ्यांना जेवू घातलं. घाटावर सतरंज्या अंथरल्या. पहिल्या तीन दिवसांत बाकीच्या सगळ्या गती झाल्या. राहिली ती एकच, मल्लय्याच्या ठोक्यांची, जिच्यापासून अल्बम सुरू झाला होता ती.

इक्बालनं ठोके लिहून घेतले, मोजले, वाजवले. बरोबर वाजवले, पण मॅडम मान हलवत राहिल्या. मग मल्लय्यालाच बोलावलं. त्याला काठावर लावलेल्या डोंग्याशी बसवलं, समोर माइक ठेवला. त्यानं वल्हं घेतलं आणि सरळ ठक ठक ठक मारायला लागला, सुतारासारखं.

"तसं नाई मल्लय्याभाऊ, नदीत मारता तसं मारा," मॅडम म्हणाल्या.

"नदीत मासे असते," मल्लय्या म्हणाला. "इथी कोणाले मारू?"

इक्बाल हसला. मॅडम हसल्या नाहीत. "उद्या सकाळी जाळं टाकता का?" त्यांनी विचारलं. "टाकतो ना, रोज टाकतो," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी पाणी आरशासारखं होतं. दोन डोंगे मल्लय्याच्या भावांचे, जाळ्याचे. तिसऱ्यात मल्लय्या. चौथ्यात मॅडम, ती रेकॉर्डिंगवाली तरुणी, आणि डोंगा धरायला मी. इक्बाल आणि प्राध्यापक काठावर कानाला हेडफोन लावून बसलेले. जाळं गोल पडलं आणि मल्लय्यानं पहिला ठोका मारला. ठक. मग थांबला, पाण्याकडे बघितलं. ठक-ठक. तो मोजत नव्हता. पाण्यात काय हलतंय ते बघत होता आणि तिकडे मारत होता. मॅडमनी ते ओळखलं. त्याही पाण्याकडे बघायला लागल्या आणि तोंडाला वाद्य लावलं.

पुढची दहा-बारा मिनिटं मला शब्दांत सांगता येणार नाहीत. तो एक ठोका द्यायचा, त्या एक ओळ. तो थांबला की त्या पुढं जायच्या, त्या श्वास घ्यायला थांबल्या की तो दोन ठोके भरायचा. काठावरून उशिरानं ते तंतुवाद्य आत आलं, खोल आवाजात. इक्बालनं काड्या खाली ठेवल्या होत्या, तो नुसता ऐकत होता. शेवटी शेवटी मॅडम अगदी हळू वाजवायला लागल्या आणि ती वाऱ्याची रेघ सगळ्यांना ऐकू यायला लागली. तेवढ्यात जाळ्यात एकदम खळबळ झाली आणि मल्लय्याचा धाकटा भाऊ तेलुगूत जोरात ओरडला, "पडलं, ओढ ओढ." मल्लय्यानं वल्हं टाकलं आणि जाळं ओढायला धावला. गत तिथंच संपली.

काठावर आल्यावर त्या तरुणीनं ऐकवलं. म्हणाली, "मॅडम, शेवटी हवेचा आवाज येतोय. आणि तो ओरडला ते. पुन्हा एकदा घेऊ या का?"

मॅडमनी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. काढून म्हणाल्या, "नाई. हवा माझी हाय, आरोळी त्याची हाय. राहू द्या." मग माझ्याकडे वळल्या. "हाच हाय भाऊ माझा आवाज. आता समजला."

मार्चअखेर त्या गेल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, म्हशीचा दोर कसा बांधावा हे मला सगळ्यांसमोर एकदा दाखवलं, आणि सगळे हसले, मीही हसलो.

अल्बम पुढच्या वर्षी इंटरनेटवर आला. बंगळुरूच्या एका इंग्रजी पेपरात त्याच्यावर लिहून आलं. गावातल्या शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी मला ते वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं की वादकाच्या सुरातला तो वाऱ्यासारखा खरखरीतपणा अत्यंत विचारपूर्वक साधलेला आहे. मी तरण्या बैलाची मनोमन आठवण काढली. एका रविवारी दुपारी आम्ही घाटावर लग्नाचा लाउडस्पीकर लावून सगळ्या वस्तीला तो ऐकवला. बायका भांडी घासत ऐकत होत्या. समय्या आपल्या म्हशींची गत आल्यावर ताठ बसला. मल्लय्यानं आपली गत मान खाली घालून ऐकली. संपल्यावर सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बागुंदी," तो म्हणाला. म्हणजे छान आहे. मग थोडं थांबून, "पण किती मासे पडले ते नाई सांगितलं."

मी निवृत्त होऊन भद्रावतीला आलो. मॅडमचा फोन अधूनमधून यायचा. कार्यालयात फायली आहेत, जनावर नाही, ऐकायला पंखा आहे फक्त, असं म्हणायच्या. रविवारी कुठंतरी वाजवायच्या. भेट मात्र झाली नाही, ती गेल्या मे महिन्यात झाली. मल्लय्याच्या नातीचं लग्न होतं. मी आणि बायको चंद्रपूरहून एसटी बदलत सिरोंचाला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि वरात निघायच्या बेतात होती.

बँड पलीकडच्या काठावरून आलेला होता. मास्तर घामाघूम, त्रासलेला. त्याच्यासमोर मॅडम उभ्या होत्या. निळी साडी, पायात बूट. मी त्यांना साडीत पहिल्यांदाच पाहत होतो. केस बरेच पांढरे झाले होते. त्या त्याला म्हणत होत्या, "मले बी वाजवू द्या ना मास्तर, एक भोंगा रिकामा हाय."

मास्तरानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "येते का वाजवता?"

"थोडं थोडं."

"मंग मागं उभ्या राहा. शेवटच्या ओळीत. पुढं येऊ नका."

कोणीतरी त्यांच्या अंगात बँडचा लाल कोट चढवला, दोन मापं मोठा. बाह्या त्यांनी लगेच कोपराच्या वर दुमडल्या. वरात निघाली. सिनेमातलं गाणं, सगळ्यांना पाठ असलेलं. पहिल्या कडव्यात मॅडमनी सुराच्या मागं चार जास्तीचे सूर घातले. मास्तर चालता चालता मागं वळला आणि ओरडला, "बाई, सरळ वाजवा. वरात हाय."

"हाव मास्तर," मॅडम म्हणाल्या. आणि सरळ वाजवायला लागल्या.

उन्हात ती लाल कोटांची रांग बाजारातून चालली होती. पुढं पोरी नाचत होत्या, मल्लय्या पागोटं घालून घोड्याशेजारी ऐटीत चालत होता. मी कडेनं चाललो होतो, म्हणून मला मॅडमचा चेहरा दिसत होता. डावीकडे जरा वाकडं धरलेलं वाद्य, गाल फुगलेले, डोळे समोरच्या माणसाच्या पाठीवर. एक सूर इकडचा तिकडे नाही. दोन कडवी गेली, तीन गेली. मास्तरानं एकदा कान मागं लावून ऐकलं. चौथ्या कडव्याला मास्तरानं एकट्यानं वाजवायची जागा आली, तिथं त्यानं आपलं क्लॅरिनेट तोंडापासून खाली घेतलं, आणि मागं न बघता, डोक्यावरून हात उंच करून शेवटच्या ओळीकडे बोट केलं.